अळणी ताट

सुरतेच्या डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला तेव्हा आम्ही तिघं समोर होतो: मी, माझी सासू आणि सुरतेतच कापडाच्या धंद्यात असलेला पुतण्या. नवरा बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टर हिंदीत, सावकाश बोलत होते. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा झिजत जातात, असा हा आजार. यांच्या बाबतीत त्याची सुरुवात जिभेपासून आणि घशापासून झाली आहे. आधी बोलणं जाईल, मग गिळणं. एक गोळी आहे. ती थोडा वेळ वाढवून देते, बरं करत नाही. शेवटी फाइल मिटवत ते म्हणाले, त्यांना जे आवडतं ते आत्ता खाऊ घाला.

मी हे सगळं मोबाइलवर क्रमाने टिपून घेतलं. सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात माझी वर्षं गेली. आलेला माल, गेलेला माल, मुदतीची तारीख. ऐकलं की टिपायचं ही सवय हाडात मुरलेली आहे.

परतीच्या वाटेवर नवापूरच्या पुढे आम्ही ढाब्यावर थांबलो. नवऱ्याने शेवभाजी मागवली, वर लाल तर्री वेगळी मागवली, कांदा मुठीने फोडला आणि घाम पुसत पुसत जेवला. तो मिरची पिकवणारा माणूस. नंदुरबारच्या बाजारात त्याच्या मिरचीला ओळख होती, आणि त्याला फिक्कं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटायचं. समोर मी त्याला 'अहो' म्हणायचे. इथे 'तो' लिहिते, कारण 'ते' लिहिलं की तो अजून लांब गेल्यासारखा वाटतो.

सासूने त्या दिवशी ढाब्यावर घास घेतला नाही. तिला आम्ही सगळेच माय म्हणतो आणि एकेरीच बोलतो. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातून तिने एकच उचललं होतं, औषध नाही. आणि औषध नाही म्हणणारा डॉक्टर तिच्या लेखी डॉक्टरच नव्हता. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली,

"तुन्हा दवाखानामा गोळ्यासना ढीग शे, आनि मन्हा पोऱ्यासाठे एक बी नही."

बरं करणारी खरंच नव्हती.

धानोऱ्याकडच्या आमच्या गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नव्हता. कुणी शेवग्याच्या पानांची भुकटी आणली, कुणी गुजरातेतल्या आयुर्वेद शिबिरातून अश्वगंधा, कुणी खापर गावच्या बाजारातून तेल. मी फळीवर कप्पे केले: पोटात घ्यायचं, अंगाला लावायचं, वास घ्यायचा. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून कुणी आणलं आणि केव्हा घ्यायचं ते लिहिलं. ज्यात काय आहे ते सांगता येत नव्हतं, ते वरच्या कप्प्यात ठेवून दिलं. आणणाऱ्याला मात्र बाटली दिसेल अशी ठेवली. माणसं प्रेमानेच आणत होती, आणि पुढच्या खेपेला आल्यावर त्यांचे डोळे आधी फळीकडे जायचे.

औषधांचं मला जड गेलं नाही. जड गेलं ते पथ्य. आमच्याकडे औषध एकटं येत नाही, त्याच्याबरोबर पथ्य येतं. भुकटीने दही नेलं. अश्वगंधावाल्याने वांगं आणि आंबट नेलं. शिबिरातल्या ताईंनी फोनवर चौकशी करून तळलेलं आणि मैदा नेला. प्रत्येकाने एक औषध दिलं आणि ताटातला एक पदार्थ उचलून नेला. तो हे चालवून घ्यायचा. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत मिसळायचे, पण अजून कळायचं. मिरची होती, मीठ होतं, भाकरी होती. तेवढ्यावर त्याचं चालत होतं.

दसऱ्यानंतर माय कुणा नातेवाइकासोबत जीपने शहाद्यावरून डोंगरात गेली. तोरणमाळच्या घाटमाथ्यावर एका पाड्यात एक म्हातारा जडीबुटी देतो, लकव्याची माणसं चालती केली, असं तिच्या कानावर आलं होतं. तो पैसे घेत नाही, याचा तिला मोठा विश्वास. संध्याकाळी परतली ती पदरात एक मुळी घेऊन. मुळी रोज सकाळी दगडावर उगाळून द्यायची. मीठ, मिरची आणि तेल बंद. आणि एक अट: ज्याच्या हाताने मुळी उगाळली जाईल त्यानेही तेच ताट खायचं. एकाचं मोडलं की दोघांचं मोडलं. अमावास्येला नारळ घेऊन पुन्हा यायचं, म्हणजे तो पथ्य उतरवून देईल. तोवर मोडायचं नाही.

मी म्हटलं, मुळी मी उगाळते. माय म्हणाली, तू नोकरीला जातेस, बाहेर चहा-फराळ होतो, तुझा भरवसा नाही. ते खरं होतं. शिवाय तिला ते स्वतःच करायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोन ताटं एकसारखी लागली. उकडलेले मूग, ज्वारीची भाकरी, पाण्यात शिजवलेला दुधी. सुरतेची गोळी मी सोडली नाही, आणि मायनेही त्यावर वाद घातला नाही. तिच्या दृष्टीने ती गोळी औषधात मोजलीच जात नव्हती, कारण त्या गोळीला पथ्य नव्हतं.

पहिले काही दिवस तो त्यावरही हसला. एकदा मूग पुढे आले तेव्हा म्हणाला, "इतला मूग खाइसन आते मालेच मोड फुटतीन." वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी आम्हाला कळलं आणि मग आम्ही सगळे हसलो. मायही.

हिवाळा आला. आमच्याकडे हिवाळा म्हणजे भरताचे दिवस. शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर कच्चं तेल, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दर वर्षी तोच सगळ्यांना बोलवायचा. वांगी स्वतः निवडायचा, भाजताना दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. त्या वर्षी त्याच्या चुलतभावाने बोलावलं. आम्ही गेलो. तो शेकोटीजवळ खुर्चीवर बसला आणि घरून डब्यात नेलेले मूग चमच्याने खाल्ले. शेजारी मायने तेच खाल्लं. धूर त्यांच्याकडेच जात होता.

दुसऱ्या दिवशी माय देवळात गेली असताना मी त्याच्या मुगात चिमूटभर मीठ टाकलं. त्याने पहिल्या घासाला ओळखलं. चमचा खाली ठेवला आणि ताट हलकेच माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, अहो, एवढ्याने काय होतंय, खा. त्याने मान हलवली. मग पाटीवर लिहिलं. बोलणं आता फार कळत नसे, म्हणून मी त्याला पाटी-खडू आणून दिला होता. लिहिलं, "मायनं बी मोडीन." मायचंही पथ्य मोडेल, म्हणून. मी ते मूग धुऊन पुन्हा वाढले.

त्याचा मुळीवर विश्वास होता का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला वाटतं नव्हता. त्याचा मायवर होता.

सुट्टीत पुतण्या आला तो बर्फाच्या डब्यात छोट्या कुप्या घेऊन. पेप्टाइड म्हणाला. परदेशात श्रीमंत लोक म्हातारपण थांबवायला टोचून घेतात, त्याच्या व्यायामशाळेतले सगळे घेतात, तो स्वतःही घेतो. याने झिजलेल्या नसा परत वाढतात, असं त्याने कुठेतरी बघितलं होतं. मी चष्मा लावून कुपीवरची बारीक अक्षरं वाचली. फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये, असं स्पष्ट छापलेलं होतं. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. मी त्याला म्हटलं, मी हे काकांना टोचणार नाही, आणि तूही टोचून घेऊ नकोस.

"काकू, मग करायचं तरी काय?" तो म्हणाला. "नुसतं बघत बसायचं?"

एवढा व्यायामाने कमावलेला गडी, आणि फ्रीजच्या दाराला धरून रडला. मी त्याला पाणी दिलं. कुप्या लोण्याच्या डब्यामागे बराच काळ पडून होत्या. लोणी काढताना दर वेळी हाताला लागायच्या आणि दर वेळी मला तोच विचार यायचा. लोक तरुण राहण्यासाठी एवढा खटाटोप करतात. माझ्या नवऱ्याला तरुण राहायचं नव्हतं. त्याला म्हातारं व्हायचं होतं. चष्मा लावून, ओट्यावर बसून, मिरचीचा भाव ठरवणाऱ्या पोरांना शिव्या घालायच्या होत्या.

आणखी एक पुडी आली ती इटलीहून. आमच्या बाजारपेठेतल्या मारवाडी किराणा दुकानदाराचा मुलगा तिकडे कामाला आहे, डोंगरातल्या एका गावात म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्याने राहतो. ती बाई घशासाठी रानातली जांभळी फुलं वाळवून ठेवते, आणि तिच्या आईनेही तसंच ठेवलं होतं, असं तो सांगायचा. दुकानदारीण काकूंनी पुडी स्वतः आणून दिली. फुलांचा काढा बुळबुळीत व्हायचा, भेंडीच्या पाण्यासारखा. पातळ पाण्याचा त्याला आता ठसका लागायचा, पण हा काढा अलगद उतरायचा. त्याला तो आवडला. मायने काकूंना विचारलं, याचं पथ्य काय? काकूंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला, मुलाने त्या बाईला विचारलं, आणि पलीकडून हसण्याचा आवाज आला. पथ्य काही नाही, म्हणाली, चांगलंचुंगलं खायला घाला.

काकू गेल्यावर माय म्हणाली, "पथ्य नही ते औषध कसानं?" आणि पुडी सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. मी ती परत खाली आणली. आम्ही दोघींनी ती पुडी तशी बरेच दिवस वरखाली केली.

अमावास्या केव्हाच होऊन गेली होती. एक गेली, मग दुसरी. माय डोंगरात गेली नाही. मी आठवण केली की म्हणायची, घाटात धुकं आहे, जीप मिळत नाही, कंबर दुखते. मुळी अंगठ्याएवढी उरली होती. ती उगाळायची आता नावालाच, दगडावर फक्त ओल दिसायची.

संक्रांतीनंतर एका दुपारी त्याला भाकरीचा तुकडा अडकला. ओठ निळे झाले. मी पाठीवर मारून तो काढला. दवाखान्यात राहून मला एवढं येतं. सुरतेला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता पोटात नळी बसवायला हवी, उशीर केला तर तेही करता येणार नाही. पुढच्या आठवड्याची तारीख दिली. ते मायवर रागावले नाहीत, माझ्यावरही नाही. वजन किती उतरलंय, एवढंच त्यांनी दोनदा पाहिलं.

घरी आल्यावर तो झोपला. माय मागच्या ओट्यावर दगड धूत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, माय, नळी बसली की तोंडातून जवळजवळ काही जाणार नाही. एवढा आठवडा आहे. डोंगरात जाऊ, पथ्य उतरवून घेऊ, त्याला जेवू दे.

तिने दगड पालथा घातला. मला वाटलं ती नेहमीसारखं धुकं, जीप, कंबर काहीतरी सांगेल.

"पथ्य उतरनं म्हंजे औषध सरनं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग मी त्याले काय देऊ?"

मी तिचे ओले हात माझ्या पदराने पुसले. एवढं काही मी एरवी करत नाही.

सकाळी उठून बघते तर ती नऊवारी नेसून तयार होती, पिशवीत नारळ होता. मी रजा टाकली. घाट चढून गेल्यावर पाड्यापर्यंत थोडं चालावं लागलं. म्हातारा शेळ्यांना पाला टाकत होता. त्याला त्याची पावरी बोलीच सोपी जायची, तरी तो मोडक्यातोडक्या मराठीत बोलला. मायला त्याने ओळखलं. इतके दिवस का आली नाही, असं त्याने विचारलं, आणि मायने मान खाली घातली तशी पुढे काही विचारलं नाही. गुण आला का, हेही नाही. नारळ फोडला, पाणी जमिनीवर ओतलं, काहीतरी पुटपुटला आणि खड्याच्या मिठाचे चार खडे मायच्या तळहातावर ठेवून खा म्हणाला. मायने खाल्ले नाहीत. पदराच्या टोकाला बांधले. मी दवाखान्यात कामाला आहे हे कळल्यावर त्याने धोतर वर करून सुजलेला गुडघा दाखवला. माझ्या पर्समध्ये मलम होतं, ते दिलं. दिवसातून दोनदा लावायचं, जखमेवर नाही, असं सांगितलं. त्याने विचारलं, पथ्य? मी म्हटलं, नाही.

खाली उतरताना मायने वांगी घ्यायला जीप थांबवली. स्वतः हाताळून घेतली, बिया कमी असलेली, हलकी.

घरी आल्यावर तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी भाजली, सोलली, मिरची आणि लसूण घालून पाट्यावर वाटली. एकही दोरा राहू नये म्हणून दोनदा वाटली. वरून तेल घातलं. मग पदर सोडला, मिठाचे खडे पाट्यावर फोडले आणि बोटाने घातले.

तो वासानेच उठून बसला होता. मी त्याची मान पुढे वाकवून धरली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी. पहिला चमचा मायने दिला. त्याने घास बराच वेळ तोंडात धरला. गिळला. दुसराही गेला. तिसऱ्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी म्हटलं, बास आता.

त्याने हात वर केला. थांब म्हणून. मग वाटीकडे बोट केलं, तोंडाकडे केलं, आणि खाली रिकाम्या भांड्याकडे केलं. आम्हाला लगेच कळलं नाही. माझ्या आधी मायला कळलं. तिने भांडं उचलून त्याच्या हनुवटीखाली धरलं. तिने घास द्यायचा, त्याने तो तोंडात घोळवायचा, चघळायचा, आणि भांड्यात टाकायचा. मग पुढचा. असा तो जेवला. वाटी संपेपर्यंत. मायने एकदाही भांडं खाली ठेवलं नाही.

शेवटी त्याने बोट मायकडे केलं. तू खा. तिने पाट्यावर राहिलेलं भरीत बोटाने पुसून घेतलं आणि खाल्लं. एवढ्या दिवसांनी मीठ जिभेला लागलं, तिचा चेहरा वाकडा झाला.

"खारं व्हई गयं," ती म्हणाली.

तो हसायला लागला. या आजारात हसू आलं की थांबत नाही आणि रडू आलं तरी थांबत नाही, आणि चेहऱ्यावरून दोन्ही सारखंच दिसतं. तो काय करत होता हे मला सांगता येत नाही. मी त्याची मान धरून उभी होते.

नळी बसली. दिवसातून ठरल्या वेळी मी त्यातून पातळ पेज आणि दूध द्यायचे, आधी पाणी, नंतर पाणी. भिंतीवर वेळा लावल्या होत्या. पावसाळा सरत आला तेव्हा तो गेला, दुपारी, पेज देऊन झाल्यावर. मिरचीला तेव्हा फूल होतं.

फळी मी रिकामी केली. ज्याचं त्याला परत देण्यासारखं त्यात काही नव्हतं. पेप्टाइडच्या कुप्या दवाखान्याच्या कचऱ्यात नियमाप्रमाणे टाकल्या.

घरात आता आम्ही दोघीच जेवायला असतो. मायची जीभ अजून ताळ्यावर आलेली नाही. तिला सगळंच खारट लागतं, म्हणून ती मीठ कमी घालते, आणि मी वरून घेते. मागच्या आठवड्यात शेंगा निवडताना तिने विचारलं, नळी होती तेव्हा त्याच्या तोंडाला चव असेल का.

मला वाटलं, तिला धीर वाटेल. मी म्हटलं, होती माय. या आजारात चव जात नाही. गिळणं जातं, चव शेवटपर्यंत असते.

"पहिलेपासून व्हती?"

"पहिल्यापासून."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. दुसरी घेतली.

"मंग ते अळनी मूग..." ती म्हणाली. आम्ही शेंगा निवडून संपवल्या.